सोळावा आवाज

एका सकाळी उठले तर डावा कान ठार बहिरा आणि आत शिट्टी चालू. औषधांनी कान थोडा उघडला, शिट्टी राहिलीच. बालवाडीतल्या मुलांचा गलबला सोसेना, म्हणून नोकरी सोडली. “मनाचे खेळ आहेत,” नवरा म्हणायचा. शेवटी डॉक्टरांनी डोक्याला बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचं ठरवलं. त्याआधी तंत्रज्ञबाईंनी माझ्या शिट्टीशी जुळवायला हेडफोनवर एकेक करून आवाज ऐकवले. सोळाव्याला मी ओरडले, “हाच!” सोबत आलेल्या नवऱ्यानं हेडफोन मागून घेतला, कानाला लावला आणि लगेच ओढून काढला. “हे दिवसभर?” “रात्रीसुद्धा,” मी म्हणाले. “गुण येईलच असं नाही,” बाई म्हणाल्या. “महिनाभर रोज यावं लागेल.” “येऊ आम्ही,” तो म्हणाला. महिन्याभराच्या ठोक्यांनी शिट्टी मंदावली, पूर्ण गेली नाही. आता रोज सकाळी तो विचारतो, “आज किती आहे गं?”