मापासाठी जुना आणावा

सगळं तंजावर पालथं घातलं तरी भरद्वाजला जुन्या मॉरिस गाडीचा रेडिएटर मिळेना. शेवटी तुकोजींची जाहिरात दिसली: ‘मॉरिसचा रेडिएटर विकणे आहे. मापासाठी जुना आणावा.’ ते घरी मराठीच बोलणारे निघाले, तेव्हा त्याला हायसं वाटलं.

“कसा फुटला?” त्याने आणलेला जुना रेडिएटर न्याहाळत तुकोजींनी विचारलं.

“पापनाशमच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, मामा.”

तुकोजींनी खिशातून पितळेचा तुकडा काढून रेडिएटरच्या फुटक्या कोपऱ्याला लावला. तंतोतंत बसला.

“माझ्या लेकीच्या, भुवनाच्या केसांत अडकला होता.”

भरद्वाज दाराकडे धावला, तोच त्याच्या गुडघ्यावर पहार बसली. हाड कडाडलं.

“नको मला रेडिएटर! सोडा, मामा!”

तुकोजींनी पहार पुन्हा उचलली.

“रेडिएटर कुठला आलाय? घरात भुवनाची चेपलेली सायकल आहे तेवढी.”