दांडीवरचा नंबर

जाणकाराने गिटार पालथी केली आणि माथ्याची मागची बाजू कापडाने पुसली. खुंट्यांच्या मधे, लाकडात ठोकलेला नंबर वर आला.

“आता पेटी द्या,” तो म्हणाला.

भाच्याने मांडीवरची रिकामी पेटी उघडून पुढे केली. पेटी त्याच्या वडिलांची होती. झाकणाच्या आत नंबर कोरलेली पितळेची पट्टी होती. जाणकाराने भिंगातून पट्टी वाचली, मग माथा, मग पुन्हा पट्टी.

“जुळतोय.”

“बघ,” भाचा आत्याला म्हणाला. “बाबांचीच आहे.”

भाऊ गेल्यापासून त्याचा मुलगा ही गिटार मागत होता, आणि रोज हिच्यावर वाजवणारी, शिकवणारी आत्या ती देत नव्हती. शेवटी दोघांनी एक ठरवलं. जुन्या वाद्यांच्या या जाणकाराकडे जायचं. तो सांगेल ते मान्य.

“वाजवणं वेगळं, मालकी वेगळी,” भाचा म्हणाला.

“तू कधी वाजवलीस?”

“मला सुराचा कान नाही असं तूच सांगितलं होतंस. शाळेत होतो मी.”

“अजूनही नाहीये.”

जाणकार दोघांच्या मधे पडला नाही. “हॉटेलातल्या वाद्यवृंदांसाठी काढलेलं मॉडेल,” तो म्हणाला. “माथा निमुळता आहे. दांडीवरच्या पडद्यांमधले ठिपके शिंपल्याचे आहेत. नंतर कंपनीने प्लास्टिकचे केले. म्हणजे अगदी सुरुवातीच्या वर्षांतली.”

भाच्याने पेटीवरचा हात काढला नाही.

मग जाणकाराने बॅटरी लावली आणि दात तपासतात तसला छोटा आरसा गिटारच्या भोकातून आत घातला. आरसा फिरवत तो बराच वेळ वाकून राहिला. दांडी जिथे खोक्याला मिळते तिथे त्याने अंगठ्याचं नख फिरवलं.

“हे खोकं या दांडीचं नाही.”

“म्हणजे?” भाचा म्हणाला.

“त्या काळच्या गिटारीत आतल्या पट्ट्या आडव्या असत, शिडीसारख्या. इथे एकमेकींवर फुलीसारख्या आहेत. ते कंपनीने पुष्कळ उशिरा सुरू केलं, मोठ्या सभागृहांसाठीच्या मॉडेलात. दांडी एका गिटारीची, खोकं दुसरीचं. आणि हा सांधा कारखान्यातला नाही.” तो थांबला. “पण झकास केलाय. कुणी केला?”

“मी,” आत्या म्हणाली.

भाचा तिच्याकडे बघत राहिला.

“कार्यक्रमाहून येताना टेम्पो उलटला. तू तेव्हा रांगत होतास. तुझ्या बाबांच्या गिटारीच्या खोक्याचा चेंदामेंदा झाला, माझ्या गिटारीची दांडी मोडली. उरलं ते जोडलं.”

“आणि बाबा?”

“तुझ्या बाबांनी त्यानंतर गिटार धरली नाही. नोकरी धरली.”

मग भाच्याने जाणकाराला विचारलं, “मग आता कुणाची म्हणायची?”

जाणकाराने चष्मा काढला. हे सांगायला आपण नसतो तर बरं, असा त्याचा चेहरा होता. “आमच्या धंद्यात नंबर असेल तिथे गिटार. नंबर दांडीवर आहे. मला लिहून द्यायचं झालं तर ही तुमच्या वडिलांची गिटार. खोकं बदललेलं.”

“खोकं बदललेलं,” आत्या म्हणाली. “म्हणजे आवाज जिथून येतो, तो सुटा भाग.”

“नियम मी नाही केला, ताई.”

“आत्या, तू शब्द दिला होतास.”

“दिलाय की. कोण नाही म्हणतंय?”

ती उठली. स्टूल टेबलाशी ओढलं, खुंट्या फिरवून तारा सैल केल्या आणि एकेक काढून बाजूला ठेवल्या. मग जाणकाराला म्हणाली, “किटली लावा. आणि पातळ पात्याची सुरी द्या.”

भाच्याआधी त्याच्या लक्षात आलं. “ताई, असं करू नका. दोन्ही वाया जातील.”

“सरसाने जोडलंय. सरस का वापरतात, तुम्हाला सांगायला नको.”

“वाफेने सुटतो. पुन्हा उघडता यावं म्हणून,” तो स्वतःशीच पुटपुटला आणि किटली लावायला वळला.

तिने पातं तापवून दांडीच्या टोकाखाली सरकवलं, काढलं, पुन्हा तापवलं. सांध्यात वाफ धरली. जुन्या सरसाचा उग्र वास खोलीभर झाला. भाचा म्हणाला, “आत्या, पुरे आता.” थोड्या वेळाने म्हणाला, “अगं, मी असं म्हटलं नव्हतं.” तिने मान वर केली नाही. तिचा डावा हात दांडीला नेहमीसारखा धरून होता, अंगठा मागे, बोटं पुढे. उजव्या हाताने ती पातं चालवत होती.

सांध्यातून करकर आवाज आला. तिने दांडी हलकेच डुलवली आणि वर उचलली. एक ढलपीसुद्धा निघाली नाही.

टोकाचा ओला सरस तिने फडक्याने पुसला. दांडी क्षणभर तिच्या हातात राहिली. मग तिने ती भाच्याच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली.

“घे. तुझ्या बाबांची गिटार.”

भाच्याने ती धरली. कुठे धरायची हे त्याला कळेना; त्याने हात दोनदा बदलले.

“याचं मी काय करू?”

“मला काय विचारतोस? मालकाने ठरवायचं.”

“आणि तुम्ही?” जाणकाराने विचारलं.

“दुसरी दांडी बसवीन. एकदा बसवलीय.”

तिने खोकं काखेत घेतलं आणि निघाली. दार लागलं. जिना उतरताना ती खोक्यावर बोटांनी ताल धरत होती. वर, बंद दाराआड, तो एकेका पायरीवर स्वच्छ ऐकू येत होता.