हातभर पुढे

थोरलीचं लग्न झालं, त्याच साली मी गोदामाच्या ओट्याला ट्रक मागे लावत होतो आणि माझा मेहुणा मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. त्याचं "बस" मला ऐकूच आलं नाही. ट्रक आणि ओटा यांच्यामध्ये तो कमरेखाली अडकला.

मी धावत गेलो. तो शुद्धीवर होता. "दाजी, आरसा काय भांग पाडायला लावलाय?" म्हणाला आणि हसलासुद्धा. मुकादम अँब्युलन्स बोलवायला पळाला.

"ताईला सांगू नका, घर डोक्यावर घेईल." मग त्याचा चेहरा उतरला. "दाजी, पाय बधिर झालेत हो. जरा पुढे घ्या की."

मला बघवेना. मी केबिनमध्ये चढलो आणि ट्रक हातभर पुढे घेतला.

बायकोला सांगितलं, धडक बसली तेव्हाच गेला. "मागचं दिसत नाही, तुमचा काय दोष," असं ती अजून म्हणते.

म्हातारपणी नातीनं मला अक्षरं शिकवली. परवा त्या गोदामावरून जाताना ओट्याजवळची रंग उडालेली जुनी पाटी पहिल्यांदा वाचता आली. 'माणूस अडकल्यास गाडी हलवू नका. मदत येईपर्यंत थांबा.'

माझा मेहुणा दुपारी अडीचला अडकला. तो वारला पावणेतीनला, मी गाडी पुढे घेतल्यावर.