छपराची सावली

पादचारी पुलासाठी आखलेल्या छपराचं पुठ्ठ्याचं मॉडेल अन्विताने थेट पुलावरच आणून मांडलं. परवा आर्किटेक्चरच्या परीक्षेत यावरच तिचं वर्ष ठरणार होतं.

पुलावर गजरे विकणाऱ्या कौसाबाईंनी वाकून पाहिलं. "छप्पर झ्याक झालंय गं. पण आत्ता चारला सावली बघ की, तुझ्या पुठ्ठ्याच्या कठड्यापलीकडं पडलीय! खालच्या ट्रकांना गारवा, आणि आम्ही उन्हात."

अन्विताचा चेहरा उतरला. तिने भर दुपारचा सूर्य गृहीत धरून सगळं आखलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कौसाबाईंशेजारी बसून तासातासाला मॉडेलच्या सावलीभोवती खडूने रेघ ओढत राहिली. संध्याकाळी तिने मॉडेलचं छप्पर पश्चिमेकडे खाली झुकवलं.

"आता बांधणार कधी?"

अन्विता अडखळली. "मावशी, हे नुसतं परीक्षेपुरतं आहे."

कौसाबाई हसल्या. "ठाऊक आहे की! तुझ्याआधी चौघं येऊन गेली. पण नाक असं भाजून घेणारी तूच पहिली."