लाडकी कोण?

सातवीच्या वर्गात तपासनीस येऊन बसला, तेव्हा इतिदालबाईंनी मुद्दाम पावसावरची कविता काढली होती. ढग, पाणी, अंजिराचं झाड. कुणाला बोट ठेवायला जागा नको.

"कविता राहू द्या," तो मागच्या बाकावरून म्हणाला. "तो प्रवाशाचा धडा घ्या. नवीन छापलाय तो."

जेरुसलेमच्या त्या पूर्वेकडच्या टेकडीवर आता मुलींच्या दोनच शाळा उरल्या होत्या, आणि या शाळेचा परवाना सहा सहा महिन्यांनी नवा करावा लागे. गेल्या महिन्यात शेजारच्या वर्गातल्या अबलाबाईंना घरी बसवलं होतं. का, तर फळ्यावर एक शब्द लिहिला. आज बाईंच्या वर्गात तोच शब्द कुणी उच्चारला की त्यांचीही नोकरी गेली, आणि कदाचित शाळाही.

तपासनिसाचं नाव मुनीब. नाझरेथकडचा अरबच. बोलणं आपल्यासारखंच, कॉफीत वेलची लागते ती आपल्यासारखीच. पगार तेवढा कब्जा करून बसलेल्या सरकारचा.

बाईंनी धडा उघडला. म्हातारा प्रवासी घरी परततो, आणि शेवटचं वाक्य येतं: 'मी समुद्रापलीकडून परतलो, तेव्हा लाडकी        दिवा लावून वाट बघत बसली होती.' जुन्या पुस्तकात त्या मोकळ्या जागी तोच शब्द होता: फलस्तीन, मायदेशाचं नाव, अरबीत स्त्रीलिंगी. नव्या छपाईत तेवढाच शब्द उडवला होता. उडवणाऱ्याला बाजूचे शब्द सरकवून घेण्याचेही कष्ट पडले नव्हते.

"पोरी, तू ऊठ," मुनीबने खिडकीजवळच्या मुलीला खुणावलं. "शेवटच्या वाक्याचं व्याकरण चालव."

उठली ती नेमकी रगद! व्याकरण म्हटलं की जिच्या अंगात वारं शिरतं ती रगद. बाईंनी तिला डोळ्यांनी दटावून पाहिलं, पण पोरीचं लक्ष पुस्तकात.

"'परतलो' क्रियापद. कर्ता 'मी'. 'तेव्हा' क्रियाविशेषण," रगद घडाघडा सुटली. "'लाडकी' विशेषण, स्त्रीलिंगी..." आणि गाडी अडली.

"कुणाचं विशेषण?"

"विशेष्य अध्याहृत आहे, उस्ताद."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. उत्तर अगदी बरोबर होतं. त्यांनीच शिकवलेलं, शब्दाला शब्द.

"शाबास," मुनीब म्हणाला. त्याने पेनाचं टोपण काढलं. "पण अध्याहृत म्हटलं की लपलेला शब्द सांगावा लागतो. बाईंनी शिकवलं असेलच. मग सांग, लाडकी कोण?"

छत्तीस पोरी, आणि छत्तीसच्या छत्तीस जणींच्या जिभेवर तोच शब्द. बाई मनातल्या मनात रगदच्या पाया पडल्या. नको गं बाळा. आजचा दिवस नको.

रगदने बाईंकडे पाहिलं. मग मागे वळून तपासनिसाकडे.

"बायको असेल, उस्ताद," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी घरी आला मेला. दुसरं कोण दिवा लावून बसणार?"

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. या पोरीला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं त्यांना. मुनीबसुद्धा हसला. हसला की तो एखाद्या मामासारखा दिसे, हे त्याचं आणखी वाईट.

"चलाख आहे हो तुमची विद्यार्थिनी," तो उठत म्हणाला. "बरं झालं तिने दाखवलं. ते 'लाडकी' राहूनच गेलं होतं की. विशेष्य काढलं आणि विशेषण ठेवलं, म्हणजे पोरं विचारणारच. पुढच्या छपाईत तेही काढायला सांगतो."

कागदावर त्याने दोन ओळी खरडल्या. बाईंचं हसू तोंडातच थिजलं. नोकरी वाचली होती, शाळा वाचली होती. पुस्तकातून आणखी एक शब्द गेला होता, आणि तो त्यांच्याच वर्गातून.

"अस्सलामु अलैकुम," म्हणून तो दाराकडे वळला. बाई त्याला पोचवायला बाकांच्या मधून निघाल्या. रगद अजून उभीच होती. पुस्तक नाकाशी धरून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती. एकदम तिचा चेहरा उजळला. गणित सुटलेल्या पोरीचा उजळतो तसा.

"मिस!" ती ओरडली. "पण 'बसली होती' पण स्त्रीलिंगीच आहे! 'लाडकी' काढलं तरी कळतंच की, कुणीतरी बस..."

बाईंनी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. वीस वर्षांत त्यांनी बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीवर कधी हात उचलला नव्हता.

मुनीब दारात थांबला. पेन अजून त्याच्या हातातच होतं.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही, उस्ताद," बाई म्हणाल्या. "चुकलं तिचं."

तळहाताखाली रगदचे ओठ हलत होते. ती 'नाही चुकलं' म्हणत होती.