लेकीच्या चांदीचा टाक

"पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, रीत आहे पोरी," म्हणत भामाबाईंनी जावयाच्या नव्या नवरीच्या गळ्यात चांदीचा टाक स्वतःच्या हातानं बांधला.

हीच ती कुंदा. शेजारी राहून तिनं लेकीच्या सासूचे कान भरले, लेकीला उपाशी ठेवायला लावलं, आणि लेक विहिरीत सापडल्यावर वर्षाच्या आत तिच्याच जागी येऊन बसली.

लेकीची राख सावडताना सापडलेली जोडवी वितळवून हा टाक घडवला होता. सोनारानं तेव्हाच बजावलं होतं, "ही चांदी विसरत नाही. तुमच्या लेकीबद्दल ज्याच्या मनात जे होतं, तेच त्याच्या मनात हा टाक घालणारीबद्दल येईल."

"म्हणून तर आणलीय," भामाबाई म्हणाल्या होत्या.

"माझ्या लेकीवर या घरानं जेवढी माया केली, तेवढीच तुझ्यावर करो," त्यांनी आता आशीर्वाद दिला. कुंदा लाजून पाया पडली.

त्या उंबरा ओलांडतात तोच आतून विहीणबाई कडाडल्या, "या अवदसेला आज जेवायला वाढायचं नाही!" पाठोपाठ जावयानं कमरेचा पट्टा ओढल्याचा आवाज आला.

"आई, थांबा!" कुंदा किंचाळली.

भामाबाईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.