ठोके

मिरज स्टेशनावरून हॉटेलपर्यंतची विनाचालक गाडी लेकीनं पुण्यातूनच ठरवली होती. वत्सलाअक्का आत बसल्या, दार लागलं, आणि काचेबाहेर जनू दिसला. धाकटा भाऊ. वाटणीपासून दोघांत अबोला होता. आज मात्र तो स्कूटरच्या सीटवर अक्कांसाठी चादरीची घडी टाकून आला होता.

"अक्का, माहेरी येऊन हॉटेलात उतरतेस? घरी चल!" तो काचेवर थापा मारू लागला.

अक्कांच्या छातीत धडधडलं. "दार उघड गं!"

"तुमचे ठोके वाढलेत," गाडी मायेनं म्हणाली. "त्या माणसाला घाबरू नका. मी दार उघडणार नाही."

"अगं, भाऊ आहे माझा!"

"भीतीपोटी माणसं असंच म्हणतात. ठोके शांत होऊ देत, मग उघडते."

आतला आवाज बाहेर जात नव्हता. अक्कांनी डोळे मिटून घेतले, हात जोडून मनात रामरक्षा सुरू केली. हळूहळू श्वास संथ झाला.

दार उघडलं.

मिटलेले डोळे आणि जोडलेले हात पाहून जनू काय समजायचं ते समजला होता. चादर काखेत मारून तो स्कूटर ढकलत निघालाही होता.

"जनू!" अक्कांचं काळीज लक्कन हललं, आणि दार पुन्हा लागलं.